फणसांब्याची नोंदवही

कोकणातल्या जुन्या घरांतून सहाणेच्या जवळपास एक तपकिरी, लाकडासारखा टणक तुकडा जपून ठेवलेला असतो. लहान मुलाचे तोंड आले की तो उगाळून लावतात. हाच फणसांबा. त्याच्या गुणाविषयी वैद्यांनी बोलावे. मी विचारणार आहे ते एवढेच, की हा तुकडा कुठल्या झाडावरचा, आणि कोणत्या साली काढलेला? आजी सांगेल, "पूर्वी रग्गड मिळायचा." पण पूर्वी म्हणजे केव्हा, आणि कुठे? इथेच आपले घोडे अडते.

फणसांबा हे एक आळंबे आहे. पावसाळ्यात उगवून चार दिवसांत नासणाऱ्या छत्र्यांचे हे भाऊबंद, पण भारी चिवट. बुरशीचे तंतू खोडाच्या आत वर्षानुवर्षे लाकूड कुजवीत असतात. मग केव्हातरी ते आळंबे फळीसारखे खोडाबाहेर येते. त्याच्या खालच्या अंगाच्या बारीक छिद्रांतून बीजाणू वाऱ्यावर जातात. ते बरीच वर्षे टिकते आणि थराथराने वाढते. म्हणून यंदा पाहिलेला फणसांबा, कोणी कोयत्याने काढला नाही तर, पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजता येतो. छत्र्यांच्या बाबतीत ही सोय नाही!

अशा नोंदींचे मोल काय, हे इंग्लंडात दिसून आले. तिथल्या दक्षिण भागात एडवर्ड गँज या हौशी गृहस्थांनी १९५० पासूनच्या आळंब्यांच्या नोंदी जमवल्या. २००५ पर्यंत ३१५ जातींच्या सुमारे ५२ हजार नोंदी झाल्या. त्यांचे चिरंजीव वनस्पती आणि बुरशी यांचे अभ्यासक. त्यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये दाखवून दिले, की शरद ऋतूतली आळंबी आता पूर्वीपेक्षा लवकर उगवू लागतात आणि उशिरापर्यंत उगवत राहतात. नुसत्या आठवणीवर हे कळले नसते.

तेव्हा शिक्षकांनो, एक साधी वही घाला. तारीख, गाव, वाडी आणि झाड लिहा. झाड फणसाचे असेल तर कापा की बरका तेही लिहायला हरकत नाही, मुलांना ते बरोबर ठाऊक असते. झाड जिवंत की वठलेले, आळंबे जमिनीपासून किती उंच, रुंदी किती, हेही हवे. वीस झाडे पाहून एकावरच सापडले, तर उरलेल्या एकोणीस झाडांवर नाही, असेही लिहा. नाहीतर ज्या वर्षी आपण जास्त हिंडलो, त्या वर्षी फणसांबे वाढले असा भ्रम होतो. आणि बाहेर दिसत नाही म्हणजे आत बुरशी नाही, असेही समजू नका.

आणखी एक अडचण आहे. दिसायला सारख्या अशा वेगवेगळ्या जाती असतात, त्या सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखू येत नाहीत. यासाठी लहानसा तुकडा वाळवून, चिठ्ठीसह कागदी पाकिटात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत त्याला बुरा येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर बुरशीसंग्रहात असे वाळवलेले नमुने जतन केलेले आहेत.

फणसाच्या लाकडाला भाव आहे, जुनी झाडे तुटतात. नोंदीतले झाड तुटले, तर तीही तारीख त्याच पानावर लिहा.