कोयत्याचे पाणी

लेंडी नदी जिथे सुमारे 300 फूट खोल दरीत कोसळते, त्या दाभोसाच्या वाटेवर पावसाळ्यात प्रवाशांची रीघ लागते. परंतु त्याच वाटेने डोईवर मोळी घेऊन येणाऱ्या वारली, कोकणा किंवा महादेव कोळी गृहस्थाच्या कमरेस, मागल्या बाजूला लाकडी आकडीत अडकवलेल्या कोयत्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जव्हार-मोखाड्याच्या मुलखातील लोहारकामाची सारी थोरवी त्या हातभर पोलादात साठलेली आहे, असे मला वाटते.

देशावर लोहाराचे महत्त्व नांगराच्या फाळावर अवलंबून. इथे उतारावरच्या नाचणी-वरईला आधी हवा राब. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून, त्यांचा टाहळ, पालापाचोळा आणि शेण रोपांच्या जागेवर पसरून, पाऊस येण्यापूर्वी ते जाळावयाचे, तेव्हा कुठे रोप जोमाने उठते. आणि या साऱ्याचा आरंभ कोयत्याच्या घावाने होतो. इंग्रजी अमलात ठाणे-कुलाब्याच्या रयतेने जंगलबंदीविरुद्ध केलेल्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी 1885 साली कमिशन नेमले गेले, तेव्हा राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा एक कळीचा मुद्दा होता. जव्हार त्या काळी मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि 1948 साली विलीन होईपर्यंत तसेच राहिले. डोंगर मात्र सलग, पिके तीच, आणि हत्यारही तेच.

गावगाड्यात सुतार आणि लोहार हे बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत बसत. त्यांच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हाच या व्यवस्थेला तडे जाऊ लागले होते.

पण मला सांगावयाचे आहे ते भट्टीपाशी बसून पाहण्याजोगे. लोहाराची पडवी काळोखी असते ती दारिद्र्यामुळे, असा पाहुण्याचा समज होतो. वास्तविक लोखंडाचा रंग उन्हात ओळखता येत नाही, म्हणून हा अंधार राखलेला असतो. भात्याची धाप वाढते, कोळसा फुलतो, सांडशीत धरलेले पाते ऐरणीवर येते. म्हातारा हातोडीने ठिकाण दाखवतो आणि समोरचा तरुण नेमका तिथेच घण घालतो. आकार आल्यावर पाते पुन्हा लालबुंद करून त्याची केवळ धार पाण्यात बुडवतात. एवढ्यावर सोडले तर ती धार काचेसारखी ठिसूळ होऊन पहिल्याच गाठीवर तुकडा उडेल. म्हणून ती दगडावर चटकन घासून उजळतात आणि पात्याच्या पाठीत उरलेली धग धारेकडे सरकू देतात. त्या उजळ पट्ट्यावर वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा असे रंग क्रमाने धावतात. हा सारा खेळ साधारण 230 ते 300 अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालतो आणि काही क्षणांत संपतो. हवा तो रंग धारेवर येताच पाते पाण्यात! यालाच हत्याराला पाणी देणे म्हणतात; आणि माणसाला ‘पाणीदार’ म्हणताना आपण हत्याराचाच गुण त्याला बहाल करीत असतो.

खंडेनवमीला घरोघर हत्यारे पुजली जातात, बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवला जातो. लोखंडात रक्षणाचे सामर्थ्य आहे ही श्रद्धा लोहाराच्या आगीतूनच आली असावी. भालजी पेंढारकरांनी 1965 साली ‘साधी माणसं’ या चित्रपटात लोहार दांपत्याला नायकपद दिले, त्यातील ऐरणीचे गीत अद्याप मराठी मनात घुमते. गावोगाव पाल ठोकणाऱ्या घिसाड्यांच्या बायका तर स्वतः घण उचलतात. त्यांच्या दंडांचे बळ मात्र कोणत्याही दप्तरात नोंदले गेलेले नाही, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

आता मालमोटारीच्या जुन्या कमान-पाट्यांतून उत्तम कोयते घडतात. पोलाद वाया जात नाही, हे चांगलेच. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहारांचा समावेश असून अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. अवजारे हवीतच, तथापि तो धावता रंग ओळखणारी नजर उस्तादाजवळ वर्षानुवर्षे बसूनच येते, आणि तितकी वर्षे शागिर्दाच्या पोटाची तजवीज कोणी करील, तरच हे कसब पुढच्या पिढीकडे जाईल.

बाजारात कारखान्याचे चकचकीत कोयते टांगलेले असतात. जाणता गिऱ्हाईक एक उचलतो, पाठीवर नखाने टिचकी मारतो, कानाशी नेऊन नाद ऐकतो, आणि काही न बोलता पुन्हा खिळ्याला अडकवतो.