लाहेरीनंतरची सोळा वर्षं

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोतला माणूस शरण आला, ही घटना मोठीच. पण त्या दिवशी मी ज्या चर्चा ऐकल्या त्यांत माओवाद संपवण्यासाठी दिल्लीने ठरवलेली ३१ मार्च २०२६ ची मुदत होती, गडचिरोलीच्या पोलादाचं भवितव्य होतं, गुंतवणूक होती. लाहेरीचं नाव कुणी घेतलं नाही. मरकेगाव, हत्तीगोटा तर दूरच. हे मला लागलं, आणि म्हणून हा मागोवा.

सुरुवातीच्या वर्षांत फार रमण्याचं कारण नाही. १९८० मध्ये नक्षलवादी पेद्दी शंकर प्राणहितेकाठी मारला गेला, १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, नक्षलवाद्यांची सशस्त्र पथकं म्हणजे दलम वाढली. १९९० मध्ये पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जणांचं पथक उभं केलं. ते सी-६०. त्यात माडिया आणि गोंडी बोलणारी याच जिल्ह्यातली पोरं होती. वाटा, नाले, पाणवठे त्यांना लहानपणापासून ठाऊक. बाकी महाराष्ट्राला या जिल्ह्याची ओळख ‘शिक्षेची बदली’ एवढीच होती.

खरी गोष्ट २००९ पासूनची. त्या वर्षी १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावला माओवाद्यांच्या हल्ल्यात पंधरा पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोट्याला सोळा. त्यांत पाच महिला शिपाई होत्या. विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर असताना, ८ ऑक्टोबरला, भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ सतरा. तीन घटनांत अठ्ठेचाळीस माणसं. एका जिल्ह्याच्या पोलीस दलात अठ्ठेचाळीस घरं म्हणजे काय, हे ज्यांनी ते वर्ष विदर्भात काढलं त्यांना सांगावं लागत नाही. मुख्यालयात तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्यांची रांग लागायची, नेते पुष्पचक्र वाहायचे आणि हेलिकॉप्टर परत जायचं.

मग सुरू झाला तो वाद. मुंबईच्या स्टुडिओतून ठणकावून सांगितलं जाई की स्थानिक पोलिसांच्या हातून हे होणार नाही, त्यांना प्रशिक्षण नाही, हिंमत नाही. लष्कर आणा, निदान सगळं केंद्रीय दलांकडे सोपवा. लाहेरीची तुकडी गोळ्या संपेपर्यंत लढली होती. समोर संख्येने कितीतरी जास्त माणसं होती आणि मदत वेळेत पोहोचली नाही. मदत का पोहोचली नाही, हा प्रश्न वरच्यांना विचारायचा होता. तो शिपायांवर ढकलला गेला. दुसऱ्या बाजूला पुण्या-मुंबईतल्या काही विचारवंतांनी याच पोरांना सरकारचे भाडोत्री ठरवून टाकलं. माओवाद्यांची जनमिलिशिया गावातल्या माणसाला खबऱ्या म्हणून रात्री उचलून नेते, सकाळी रस्त्यावर त्याचा मृतदेह आणि शेजारी पत्रक सापडतं, हे त्यांच्या लेखांत येत नसे. चार दशकांत या जिल्ह्यात दोनशेहून अधिक पोलीस मारले गेले आणि पाचशेहून अधिक सामान्य नागरिक. त्यांतले बहुतेक आदिवासी. स्टुडिओतले पंडित आणि हे विचारवंत, या दोन्ही टोळ्यांबद्दलचा माझा राग आजही तेवढाच आहे.

आर. आर. ऊर्फ आबा पाटलांचं मात्र नाव घ्यायला हवं. लाहेरीनंतर महिन्याभरात ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि गडचिरोलीचं पालकमंत्रिपद त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. आबांच्या सगळ्याच निर्णयांशी मी सहमत नव्हतो. पण जिथे मंत्री जायला कचरत, तिथे ते जात राहिले. त्यांच्यानंतर या जिल्ह्याबद्दल तशी आस्था असलेला राजकारणी मला दिसला नाही.

त्याच काळात पलीकडे, छत्तीसगडमध्ये, दुसरा प्रयोग चालू होता. २००५ पासून सलवा जुडूमच्या नावाखाली गावकऱ्यांच्या हाती बंदुका दिल्या, नाममात्र मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमले. घरं जळली, गावं ओस पडली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नेमणुका घटनाबाह्य ठरवल्या. आपल्याकडे ते झालं नाही, ही महाराष्ट्राची फार मोठी कमाई आहे. सी-६० चा जवान पक्क्या नोकरीतला पोलीस होता. त्याला पगार होता, निवृत्तिवेतन होतं, आणि चुकला तर चौकशीही. स्थानिक दल टिकलं ते या पायावर.

आकड्यांचा नाद मात्र सुटला नाही. २००९ मध्ये आपले किती मेले यावरून दल नापास झालं होतं; एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाला माओवाद्यांचे चाळीस मेले म्हणून ते पहिलं आलं. गट्टेपल्ली गावचे काही तरुण त्या मृतांत होते आणि ते नक्षलवादी नव्हते, असं त्यांच्या घरचे सांगत राहिले. ते नव्याने भरती झाले होते, असं पोलीस सांगत राहिले. ज्या दलाची ताकदच मुळी गावाच्या ओळखीत आहे, त्याने या प्रश्नाचं उत्तर गावाला समजेल असं द्यायला हवं होतं. त्याऐवजी जवानांच्या नाचतानाच्या चित्रफिती फिरल्या. वर्षभराने, १ मे २०१९ रोजी, जांभूळखेड्याला खासगी गाडीतून निघालेले पंधरा पोलीस भूसुरुंगात गेले. गाडीचा चालकही गेला. रस्ता न तपासता ते का निघाले, हा प्रश्न पुन्हा वरच्यांसाठीच होता. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या जंगलात याच दलाने माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह सव्वीसहून अधिक जणांना टिपलं, आणि पोलिसांतला एकही जण दगावला नाही. तेव्हा लष्कर मागणारे पंडित कुठे होते?

गावकरी दिवसाउजेडी ठाण्याची पायरी चढतो का, हे मला बंदुकांच्या हिशोबापेक्षा महत्त्वाचं वाटतं. पोलीस ‘दादालोरा खिडकी’ उघडून दाखले, योजनांचे अर्ज भरून द्यायला लागले तेव्हा तो चढू लागला. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर एसटी सुरू झाली. भूपतीची पत्नी तारक्का त्याच दिवशी शरण आली होती. माझ्या लेखी एसटीची बातमी तिच्याहून मोठी.

आणि इथेच माझी आजची तक्रार आहे. वांगेतुरीचं ठाणं नोव्हेंबर २०२३ मध्ये उभं राहिलं. त्याच सुमारास, जवळच्या तोडगट्ट्याला खाणींच्या विरोधात आठ महिने बसलेल्या आदिवासींचं आंदोलन पोलिसांनी उठवलं. ज्या शिपायाने स्वतःच्या भाषेच्या जोरावर गावाचा विश्वास परत मिळवला, त्यालाच खाणीचा पहारेकरी म्हणून उभं केलं जात आहे. अठ्ठेचाळीस जण यासाठी गेले नव्हते. वांगेतुरीच्या ठाण्यात उद्या कुणी माडिया माणूस आपली जमीन, आपलं जंगल जात असल्याची तक्रार घेऊन आला, तर ती लिहून घेण्याची मुभा समोरच्या माडिया शिपायाला आहे का, हे गृहखात्याने जाहीरपणे सांगावं.