माशाच्या कल्ल्यातले कवचधारी

परजीवी प्राण्याचे वर्गीकरण करताना केवळ त्याच्या प्रौढ रूपावर विसंबले तर काय होते, हे किनाऱ्यालगतच्या लहान माशांवर जगणाऱ्या कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. कवचधारी म्हणजे क्रस्टेशिया. कोळंबी, खेकडा आणि शेवंड ही त्यांतली बाजारात भेटणारी मंडळी. सांधे असलेले पाय, कात टाकत वाढणारे बाह्य कवच आणि शृंगिकांच्या म्हणजे मिशांच्या दोन जोड्या ही या समूहाची पाठ्यपुस्तकी लक्षणे होत. पण माशाच्या अंगात डोके खुपसून आयुष्य काढणाऱ्या जातींत ही लक्षणे जवळजवळ पुसली जातात. त्यामुळेच लिनिअसने १७५८ मध्ये लर्निया हा वंश कृमींच्या मोठ्या समूहात टाकला आणि पुढे कूव्हिएनेही या प्राण्यांना आंत्रकृमींच्या शेजारी बसवले. आलेक्सांडर फोन नॉर्डमान याने १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणांतून त्यांच्या अंड्यांतून बाहेर पडणारे डिंभ, म्हणजे पहिल्या अवस्थेतली पिल्ले, कवचधारींचीच असल्याचे पुढे आले, आणि प्रौढ शरीराने लपवलेले कूळ त्याच्या पिल्लांनी उघड केले.

हे लर्नियासदृश परजीवी अरित्रपाद, म्हणजे कोपेपॉड, या गटात मोडतात. समुद्रात तरंगणारे मुक्त अरित्रपाद हे लहान माशांचे मुख्य अन्न, आणि त्यांचेच भाऊबंद त्याच माशांचे रक्त पितात, ही या गटातली गंमत म्हणावी लागेल. परजीवी अरित्रपादांत अवनतीच्या, म्हणजे अवयव गमावण्याच्या, सर्व पायऱ्या पाहायला मिळतात. बोय माशांच्या कल्ल्यांवर आढळणाऱ्या अर्गासिलस वंशात फक्त मादी परजीवी असते, नर मोकळा पोहतो, आणि मादीचे शरीरही मुक्त अरित्रपादाशी बरेच मिळतेजुळते राहते. कलिगस वंशातल्या चपट्या जाती माशाच्या कातडीवर चिकटून सरकत फिरतात. तर लर्नियेनिकस वंशातली मादी माशात घुसल्यानंतर पायांचा उपयोग संपलेली, दोऱ्यासारखी लांब आकृती होऊन बसते. युरोपच्या किनाऱ्यावरील स्प्रॅट या तारलीच्या कुळातल्या लहान माशावर सॉवर्बी याने १८०६ मध्ये वर्णन केलेली लर्नियेनिकस स्प्रॅटी ही जाती थेट डोळ्यातून आत शिरते, तिचे डोके आतल्या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंत पोहोचते आणि अंड्यांच्या दोन माळांसह उरलेले शरीर पाण्यात लोंबत राहते. अशा मादीकडे पाहून ती कोळंबीची दूरची नातलग आहे असे म्हणण्याचे धाडस अठराव्या शतकातल्या कुणी केले नाही, यात नवल नाही.

दुसरा गट क्लोमपुच्छांचा, म्हणजे ब्रँकियुरांचा. माशांच्या उवा म्हणून ओळखला जाणारा अर्गुलस त्यातला. तो बहुतांशी गोड्या पाण्यातला असल्याने येथे फार थांबण्याचे कारण नाही. मात्र शुक्रपेशींची रचना आणि १९८९ पासूनचा रेणवीय पुरावा यांवरून सर्प-मगरींच्या फुप्फुसांत राहणारे पेंटास्टोम, ज्यांना दीर्घकाळ स्वतंत्र संघ मानले जात असे, ते अर्गुलसचे जवळचे नातलग ठरले.

किनाऱ्यावरील मासे साफ करणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्ष लागतो तो बहुधा तिसऱ्या गटातला, समपाद किंवा आयसोपॉड गणातला, प्राणी. पावसाळ्यात कुंडीखाली सापडणारे, हात लावताच गोळा होणारे किडे याच गणातले. माशांवर जगणाऱ्या समपादांत नॅथिडी कुलातली पिल्ले तेवढी रक्त पितात आणि प्रौढ काहीच खात नाहीत. प्रवाळभित्तींवरचा सफाई करणारा लॅब्रॉइडिस हा छोटा मासा दिवसाला सुमारे १२०० अशी पिल्ले टिपतो, असे अलेक्झांड्रा ग्रटर यांनी ऑस्ट्रेलियात दाखवले. याउलट सायमोथॉइडी कुलातल्या ३५० हून अधिक जाती एकदा माशावर बसल्या की जन्मभर तिथेच राहतात. या कुलाचे नाव लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये रूढ केले. त्याच सुमारास त्याने कॅरोलाइन किंवा कॅरोलिना या नावाची अक्षरे उलटसुलट करून निरोसिला, अनिलोक्रा, सिरोलाना अशी वंशनामे पाडली, आणि पुढे १९९० मध्ये नील ब्रूस यांनी नोरिलेका हे नाव देऊन ती खोड चालू ठेवली. या एकसारख्या नावांनी विद्यार्थ्यांचा गोंधळ वाढवला, हे मात्र खरे.

नोरिलेका इंडिका ही जाती हिंदी महासागरातल्या बांगड्यात आढळते आणि तिच्यापुरते थोडे जवळून पाहणे उपयोगाचे ठरते. बांगड्याच्या कल्ल्यावरचे झाकण उचलले तर आत सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची, फिकट मलईरंगी मादी तोंड माशाच्या डोक्याकडे करून बसलेली दिसते. तिच्या पायांच्या सातही जोड्या आकड्यांसारख्या वळलेल्या असतात, शरीराच्या दाबाने खालचे लाल कल्लातंतू आखूड आणि झिजलेले असतात, आणि सगळे शरीर एका बाजूला तिरके वळलेले असते. कोणत्या बाजूला, हे ती डाव्या कल्ल्यात वाढली की उजव्या यावर ठरते. एकाच जातीच्या दोन माद्या अशा परस्परविरुद्ध वळणाच्या असू शकतात. जागेने शरीर घडवले जाते, आणि शरीरावरून जाती ठरवणाऱ्याला म्हणूनच जागा विचारात घ्यावी लागते.

या कुलाचे जीवनचक्रही असेच फसवे आहे. मादीच्या पोटाखाली पातळ पापुद्र्यांची शिशुधानी, म्हणजे पिल्ले सांभाळणारी पिशवी, असते. त्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला मँका म्हणतात; त्याला पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी पुढे येते. मोठे डोळे आणि पोहण्याचे केस असलेले हे पिल्लू अंगातला साठा संपण्याआधी मासा गाठण्याच्या खटपटीत असते, आणि थव्याने पोहणारे किनारी मासे त्याला सोयीचे पडतात. योग्य जातीचा मासा न मिळाल्यास ते तात्पुरते दुसऱ्यावरही बसते, आणि मत्स्यबीजाएवढ्या लहान माशाला ते मारूही शकते. माशावर स्थिरावल्यावर पोहण्याचे केस जातात आणि परतीचा मार्ग बंद होतो. मग प्रत्येक प्राणी आधी नर होतो. त्या माशावर मादी नसेल तर पुढच्या काती टाकून तोच मादी बनतो, आणि मादी असेल तर तिच्या सान्निध्यात त्याचे रूपांतर थांबून राहते. पोहणारी पिल्ले, बारीक नर आणि फुगलेली मादी एकमेकांपासून इतकी वेगळी दिसतात की पिल्लांसाठी एगाथोआ नावाचा स्वतंत्र वंशच मानला गेला होता. शिवाय समपाद कात दोन हप्त्यांत, आधी मागची अर्धी आणि मग पुढची, टाकतात; त्यामुळे अर्धवट कात टाकलेल्या नमुन्याचे प्रमाण आणि रुंदी दोन्ही चुकीची भरतात.

माशावरच्या जागेनुसार या कुलाचे ढोबळ विभाग पडतात. निरोसिला आणि अनिलोक्रा कातडीवर किंवा परांच्या बुडाशी बसतात, सायमोथोआ आणि सेराटोथोआ तोंडात, नोरिलेका आणि मोथोसिया कल्ल्यांत. बाहेरून आत अशी उत्क्रांतीची सरळ वाट पूर्वी गृहीत धरली जाई. डीएनएच्या तुलनेने त्या सरळपणाला आधार मिळालेला नाही. तोंडातल्यांपैकी कॅलिफोर्नियाच्या आखातातली सायमोथोआ एक्झिग्वा जगप्रसिद्ध आहे, कारण माशाची जीभ झिजून गेल्यावर तिच्या बुंध्याला धरून ती स्वतःच जिभेचे काम करते, असे ब्रुस्का आणि गिलिगन यांनी १९८३ मध्ये मांडले. लोकप्रिय लेखनाने या हकिकतीला नको तितके उचलून धरले आहे. परिस्थितिविज्ञानाच्या, म्हणजे सजीव आणि त्याचा परिसर यांच्या नात्याच्या, दृष्टीने त्याहून बोलके उदाहरण ग्रेट बॅरियर रीफवरच्या पाच पट्ट्यांच्या कार्डिनल माशाचे आहे. या जातीत नर अंडी तोंडात सांभाळतो. पण ज्या नरांवर अनिलोक्रा ॲपोगोनी बसलेली होती त्यांनी अंडी सांभाळलीच नाहीत, आणि परजीवी असलेल्या माद्यांत अंड्यांची संख्या घटलेली होती. मासा जिवंत राहतो, थव्यात पोहतो, जाळ्यात येतो आणि तरीही प्रजेच्या हिशेबातून वजा झालेला असतो. बाजारात दिसणाऱ्या धडधाकट माशावरून परजीवीचे नुकसान मोजता येत नाही ते यामुळेच.

भारतात या विषयाचा पाया वर्णनात्मक कामाने घातला. डी. व्ही. बाळ आणि यू. एन. जोशी यांनी १९५९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात माशांवरील नव्या समपाद परजीवींची वर्णने दिली, आणि केरळचे एन. कृष्ण पिळ्ळै यांचा सागरी माशांवरील अरित्रपादांचा बृहद्ग्रंथ भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाने १९८५ मध्ये काढला. त्यानंतर परंगीपेट्टै आणि मलबार किनाऱ्यावर नोंदी वाढल्या. जुन्या संग्रहांतल्या नमुन्यांबरोबर माशाचे नाव असते, पण तो प्राणी डाव्या कल्ल्यात होता की उजव्या, जोडीदार कुठे होता, हे बहुधा नसते. हे परजीवी माणसाला लागत नाहीत आणि साफ करून शिजवलेला मासा खाण्यास हरकत नसते. तेव्हा घरी बांगड्याच्या कल्ल्यात असा किडा दिसला तर तो उपटून फेकण्याआधी माशाचे नाव, बाजू आणि तारीख लिहून ठेवावी, त्याच माशाचा दुसरा कल्लाही उघडून पाहावा, आणि स्पिरिटच्या बाटलीत घातलेला नमुना त्या चिठ्ठीसह जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पोहोचवावा.