अक्षरांचा शृंगार

भीमा नदीवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली काठची अनेक गावे गेली. घरे गेली, शेते गेली, देवळे गेली. परंतु गावांची नावे बुडाली नाहीत. लोकांनी ती आपल्याबरोबर उंचावरील नव्या वस्तीत नेली. केत्तूर, पळसदेव ही नावे आज तेथील फलकांवर वाचावयास मिळतात. असे नाव दुरून वाचता यावे आणि ते पाहून मनास आनंदही व्हावा, यासाठी अक्षरांचा निराळा विचार करावा लागतो.

पुस्तकातील अक्षर आणि फलकावरील अक्षर यांची कामे भिन्न आहेत. पुस्तकातील अक्षराने अर्थ पोहोचवून आपण मागे राहावे. फलकावरील किंवा लग्नपत्रिकेवरील अक्षराने मात्र पाहणाऱ्याची दृष्टी खिळवून ठेवावी. म्हणून ते मोठे, वळणदार आणि डौलदार असते.

या डौलाचे मूळ बोरूत आहे. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. तो एकाच कोनात धरून लिहिले, म्हणजे एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटते. या जाड-बारीकपणातच सुलेखनाची लय साठविलेली असते.

पुढे छपाई आली. जावजी दादाजी यांनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तेथील सुबक खिळ्यांमुळे देवनागरी मुद्रणाचा लौकिक वाढला. परंतु काना, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला शेकडो खिळे लागत. केवळ शोभेसाठी असा नवा संच घडविणे खर्चाचे होते. म्हणून शीर्षके बहुधा चित्रकारच हाताने रेखाटीत. कमल शेडगे (1935–2020) यांनी जाहिरातींसाठी रेखाटलेल्या नाटकांच्या नावांत त्या त्या नाटकाचा भावही उतरत असे.

संगणक आल्यावर खिळ्यांची अडचण दूर झाली. एकदा रेखाटलेला अक्षरसंच, म्हणजेच टंक, मुंबईत जसा वापरता येतो तसाच जेऊरच्या लहानशा दुकानातही वापरता येतो. सुलेखनकार र. कृ. जोशी (1936–2008) यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा वाचनोपयोगी टंक तयार केला. ‘यात्रा’ हा शोभेचा टंक तर मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून घडविला गेला. पाटी रंगविणाऱ्याचा हात अशा रीतीने टंकात टिकून राहिला.

मात्र शृंगारालाही मर्यादा हवी. शोभेच्या टंकात दोन-चार शब्द खुलतात. पानभर मजकूर वाचताना डोळे शिणतात. वेलांटी डौलासाठी इतकी वळविली की ती ऱ्हस्व की दीर्घ हेच कळेना, तर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद नाहीसा होतो. एकाचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा दुबळा!

उजनीवरून वाहत जाणाऱ्या भीमेला पुढे सोलापूरच्या दक्षिणेस कुडल येथे सीना मिळते. तेथील संगमेश्वर मंदिरात शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. हा लेख वाचणारा विजयी होईल, अशा आशयाचे शब्द त्यात कोरलेले आहेत. सहस्र वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचे कल्याण इच्छिले. अक्षर कितीही नटविले, तरी ते वाचणाऱ्यासाठीच असते, याचा विसर पडता कामा नये.