लोखंडाच्या वाफेला झाकण कुठलं?

भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, की आतून थेंब ओघळतात. वाफेला टेकायला जागा मिळाली, की थेंब सहज धरतो. पण म्हाताऱ्या ताऱ्याने अवकाशात उधळलेल्या लोखंडाच्या वाफेला कुठलं झाकण? तिथे अणूंनी एकमेकांनाच धरून कण घडवायचा. हे कितपत जमतं, ते पाहायला जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या युकी किमुरा आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळाच रॉकेटवर चढवली.

हे रॉकेट एस-५२० जातीचं. एकाच टप्प्याचं, घन इंधनाचं, ८ मीटर लांब आणि ५२ सेंटिमीटर जाड. ते कक्षेत जात नाही. उंच उसळतं आणि समुद्रात पडतं. इंजिन विझल्यापासून दाट हवेत परत शिरेपर्यंत पाचेक मिनिटं आतलं सगळं वजनरहित असतं. १७ डिसेंबर २०१२ रोजी कागोशिमातल्या उचिनोउरा तळावरून या जातीचं २८ क्रमांकाचं रॉकेट उडालं, तेव्हा प्रयोगाला मिळाला तो एवढाच वेळ.

एवढा खटाटोप का? उदबत्तीचा धूर पाहा. वीतभर सरळ जातो, मग वेटोळे घेतो. तापलेला वायू वर धावतो आणि वाफेला फरफटत नेतो. अशा गोंधळात पहिला कण कुठल्या तापमानाला, किती दाट वाफेत जमला, ते नेमकं सांगणं कठीण. वजन नाहीसं झालं, की वाफ ती सोडणाऱ्या तापलेल्या धातूच्या तारेभोवती सगळीकडे सारखी पसरते.

मोजमाप करतो इंटरफेरोमीटर. तो प्रकाश दुभंगतो. एक भाग वाफेतून जातो, दुसरा बाहेरून. दोन्ही पुन्हा मिळाले की काळे-उजळ पट्टे उमटतात. वायू तापला तरी पट्टे सरकतात, वाफ दाटली तरी सरकतात. म्हणून प्रकाश दोन रंगांचा वापरतात. दोन्हींचे पट्टे वेगवेगळे सरकतात आणि त्या फरकातून तापमान आणि दाटपणा निरनिराळे काढता येतात.

२०१७ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये निष्कर्ष आला: लाखभर टकरींत लोखंडाचे मोजकेच अणू चिकटतात. ताऱ्यांच्या दरम्यानच्या वायूत लोखंड अपेक्षेहून कमी दिसतं, तेव्हा ते दुर्बिणीला न दिसणाऱ्या शुद्ध धातुकणांत दडलं असावं, असा अंदाज होता. तो आता टिकत नाही. बहुतेक लोखंड संयुगांच्या कणांत अडकलेलं असावं, नाहीतर आधीच घडलेल्या दुसऱ्या कणांवर जाऊन बसलेलं. थोडक्यात, लोखंडाच्या वाफेलाही झाकण लागतंच. अवकाशात ते परक्या धुळीचं असावं.