आधी काम, मग भरवसा
(मन आणि व्यवहार : लेखांक ५)

मागच्या लेखात संकोच कशातून वाढतो ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याला लागूनच आहे: आत्मविश्वास आधी की काम आधी? आपल्या घरांतून याचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं. ‘आधी स्वतःवर विश्वास ठेव, मग सगळं जमेल,’ असं आपण दहावीच्या मुलाला सांगतो, मुलाखतीला निघालेल्या मुलीला सांगतो, बँकेत स्लिप भरताना बिचकणाऱ्या आईलाही सांगतो. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण हा क्रम बहुतेक वेळा उलटा आहे असं मला वाटतं. स्वतःबद्दलचा भरवसा केलेल्या कामाच्या मागून येतो. तो आधीच मागितला, तर ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे तोच माणूस सुरुवात करायची थांबतो. आतून बळ येईल तेव्हा बोलेन, अर्ज करेन, गाडी शिकेन, असं म्हणत त्याची वर्षं निघून जातात.

आत्मसन्मान आधी वाढवायचा आणि बाकीचं त्यातून आपोआप घडेल, ही कल्पना एकदा सरकारी पातळीवर तपासली गेली आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात जॉन व्हॅस्कॉन्सेलोस या आमदाराच्या पुढाकारानं १९८६ साली खास त्यासाठी एक कृतिगट नेमला गेला. लोकांचा आत्मसन्मान वाढवला तर व्यसनं, गुन्हे, शाळेतलं अपयश हे सगळं कमी होईल, अशी त्यामागची आशा होती. १९९० साली त्याचा अहवाल आला आणि शाळाशाळांत मुलांना ‘तू खास आहेस’ असं सांगण्याची पद्धत बळावली. मात्र याच कृतिगटासाठी विद्वानांनी लिहिलेल्या ग्रंथात संपादकांपैकी एक असलेल्या नील स्मेल्सर यांनी नोंदवून ठेवलं होतं, की आत्मसन्मान आणि त्याचे मानले गेलेले परिणाम यांच्यातला संबंध संशोधनात फारच क्षीण दिसतो. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. आत्मसन्मान आणि सुखी वाटणं यांचा संबंध त्यांना नक्की आढळला. अडचणीत टिकून राहायलाही त्याची काहीशी मदत होते, असं त्यांना दिसलं. पण नुसता आत्मसन्मान वाढवल्यानं मुलं अभ्यासात पुढे जातात, याला आधार मिळाला नाही. उलट, अभ्यास चांगला झाला की स्वतःबद्दलचं मत सुधारतं, असा प्रवाह काही प्रमाणात दिसला.

मग भरवसा येतो कुठून? अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली याचे चार उगम मांडले: स्वतः काम पार पाडणं, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, कुणीतरी धीर देणं, आणि छातीतली धडधड किंवा हाताचा कंप यांचा आपण लावलेला अर्थ. यांतला पहिला उगम सगळ्यांत बळकट, असं त्याचं म्हणणं होतं. सापाची अतोनात भीती असलेल्या माणसांवर त्यानं आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले. काहींना तज्ज्ञ माणूस साप हाताळताना फक्त पाहायला मिळाला. काहींनी त्याच्या सोबतीनं पायरीपायरीनं स्वतः साप हाताळला. आधी नुसतं जवळ जायचं, मग स्पर्श करायचा, मग हातात धरायचं. ज्यांनी स्वतः केलं त्यांचा भरवसा जास्त वाढला आणि वेगळ्या जातीच्या सापासमोरही तो टिकला. ‘घाबरू नकोस’ या शब्दांनी हे साधलं नसतं. इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बांडुराच्या मांडणीत भरवसा हा विशिष्ट कामाबद्दलचा असतो. बाजारात घासाघीस करणारी बाई ग्रामसभेत गप्प बसते, यात विसंगती काहीच नाही. म्हणून ‘माझ्यात आत्मविश्वास नाही’ या वाक्याला पहिला प्रश्न असा विचारावा, की कोणत्या कामात?

आपल्याकडचं एक उदाहरण याच जातीचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत या कारणावरून रिझर्व्ह बँकेकडचा पहिला अर्ज नाकारला गेला. बायका खचल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकू लागल्या. काही महिन्यांनी त्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या दालनात बोलण्याचं बळ कुठल्या भाषणातून आलेलं नव्हतं. रोजच्या देण्याघेण्यात हजार वेळा केलेला तोंडी हिशोब त्यामागे होता, आणि नव्यानं गिरवलेली अक्षरंही होती.

यावर कुणी म्हणेल, बुजऱ्या मुलाला कौतुक केल्याशिवाय पहिलं पाऊल तरी कसं टाकता येईल? आक्षेप रास्त आहे. धीराच्या शब्दांचं काम तेवढंच आहे, सुरुवात करून देण्याचं, आणि ते मोलाचं आहे. पण शब्द वस्तुस्थितीपेक्षा फुगले की नुकसान होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एडी ब्रुमेलमन यांच्या अभ्यासात असं आढळलं, की स्वतःबद्दल कमी मत असलेल्या मुलांचं अतिरंजित कौतुक केलं तर ती पुढचं अवघड काम टाळू लागतात. त्या कौतुकाला आपण उतरणार नाही, अशी भीती त्यांना वाटत असावी. आरशासमोर उभं राहून म्हणायच्या वाक्यांचंही तसंच. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगात, आत्मसन्मान कमी असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य मनाशी घोळवलं तेव्हा त्यांना जास्तच वाईट वाटलं. एका प्रयोगावर सगळा भार टाकू नये, पण जे वाक्य स्वतःला खोटं वाटतं ते मन आतल्या आत खोडून काढतं, हे पटण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ज्याला कामच करू दिलं जात नाही, त्यानं भरवसा कुठून मिळवायचा? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींतल्या मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात पुकारली आणि फरक पडला. मुलं तीच होती, कोडीही त्याच प्रकारची होती. या मुलांना ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. दोष पुकारणाऱ्याचा आहे, आणि बदलायचंही त्यानंच. माझ्या मुद्द्याला यानं बाध येत नाही, त्याची व्याप्ती मात्र वाढते: काम आधी येत असेल, तर काम कुणाला मिळतं हा प्रश्न घराचा, शाळेचा आणि कचेरीचा होतो. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात महिला सरपंचपदाच्या आरक्षणाचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जिथे दोन वेळा हे पद राखीव राहिलं तिथे मुलगे आणि मुली यांच्याबद्दल आईवडिलांच्या अपेक्षांमधली दरी कमी झाली, खुद्द मुलींच्या आकांक्षाही उंचावल्या. बांडुराचा दुसरा उगम तो हाच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. पण सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचा नवराच बसत असेल, तर गावातल्या मुलींना काहीच पाहायला मिळत नाही.

राहिला प्रश्न पहिल्याच प्रयत्नात फसण्याचा. भरवसा पक्का होण्याआधी आलेलं अपयश जास्त खोल लागतं, हे बांडुरानंही मान्य केलं होतं. म्हणून पहिल्या कामाचं माप महत्त्वाचं. मराठी माध्यमातून शहरातल्या कॉलेजात आलेल्या मुलाला इंग्रजीत बोलायची धास्ती असेल, तर त्याला स्नेहसंमेलनात माईकसमोर ढकलू नये. त्यानं तासाला विचारायचा एक प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तो वाचून विचारावा. पुढच्या आठवड्यात न वाचता विचारावा. मग उत्तरावर एक उपप्रश्न. शिक्षकांनीही त्या वेळी त्याच्या उच्चारांवर न जाता प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं. पायरी इतकी सोपी नसावी की केल्याचं काहीच वाटू नये, आणि इतकी उंचही नसावी की पाय घसरावा. ती कुठे ठरवायची आणि चुकली तर काय करायचं, हे पुढच्या लेखात.