विश्लेषण : फोर्कलिफ्टच्या अपघातात कामगाराला भरपाई किती?

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला आणि देशाचे लक्ष इकडे वळले. गोदामात फोर्कलिफ्टखाली पाय सापडला किंवा अंगावर मालाची थप्पी कोसळली, तर मात्र त्याची बातमी क्वचितच होते.

फोर्कलिफ्ट धोकादायक का?

कारची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे वळताना मागचा भाग झपकन बाहेर येतो आणि शेजारचा माणूस भिंतीशी दाबला जातो. तोल सांभाळायला मागे जड लोखंड असते. अडीच टन उचलणारी गाडी स्वतःच साडेतीन-चार टनांची भरते. माल उंच धरून वळले की ती कलंडते. घाबरून चालक उडी मारतो आणि नेमका वरच्या सांगाड्याखाली सापडतो. त्यापेक्षा पट्टा लावून, स्टिअरिंग घट्ट धरून विरुद्ध बाजूला झुकणे सुरक्षित. चालताना काटे जमिनीपासून वीतभरच वर हवेत. मालामुळे समोरचे दिसत नसेल, तर गाडी उलटी चालवावी.

पैसे किती मिळतात?

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रक्कम घेऊन तिला वयानुसारच्या गुणांकाने गुणतात. वय ३० असेल तर गुणांक २०७.९८. म्हणजे १५ हजार वेतन असलेल्या कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला १५ लाख ५९ हजार ८५० रुपये मिळायला हवेत. १९२३ च्या कायद्यातले हे सूत्र २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कायम ठेवले. कामगार ईएसआयमध्ये असेल, तर हा दावा मालकावर करता येत नाही. लाभ ईएसआयकडून मिळतो. उपचारामुळे काम बंद असलेल्या काळात तो वेतनाच्या ९० टक्के असतो.

‘तो तर ठेकेदाराचा माणूस’

हे उत्तर हमखास ऐकायला मिळते आणि कायद्यात ते टिकत नाही. कारखान्याच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदाराने आणलेल्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते; मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. ‘हेल्मेट मुद्दाम काढले होते’ हा बचावही मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही. रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही, तर व्याज लागते.

दाव्याची मुदत दोन वर्षे. अपघाताची नोंद कारखान्याच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशी करून घ्यावी आणि दवाखान्याच्या कागदावर ‘कामावर असताना’ हे शब्द आहेत का, ते पाहावे. ‘घरी पडला’ असे लिहून घेतले, तर पुढे सगळा दावा त्यावरच अडतो.